धरणाकाठचे रस्ते सायकलस्वारांना इतके का आवडतात? खडकवासला, पानशेत, मुळशी आणि पवना रूट समजून घ्या

शनिवार-रविवारी इन्स्टाग्राम उघडलं की एक रील हमखास दिसतं. डाव्या हाताला निळंशार पाणी, समोर वळण घेत जाणारा डांबरी रस्ता, मागे ढगात अडकलेला किल्ला आणि मधोमध हेल्मेट घातलेली पाच-सहा माणसं सायकली हाणतायत. खाली कमेंट असते, 'लोकेशन प्लीज.'

लोकेशन बहुतेक वेळा पुण्याच्या पश्चिमेला असतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना ही सगळी धरणं शहरापासून एका दिवसात सायकलवर जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर आहेत. पण रीलमध्ये तीस सेकंदच दिसतात. रस्ता कुठे चढतो, कुठे ट्रक मागे लागतात, पंक्चर झालं तर पुढे काय, हे त्यात नसतं. आणि मुळात धरणाकाठचाच रस्ता सायकलला इतका छान का असतो, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही.

सुरुवात तिथूनच करूया.

रस्ता लाटेसारखा का असतो?

तलावाचं पाणी सपाट असतं, त्यामुळे काठचा रस्ताही सपाट असेल असं वाटतं. पहिल्यांदा पानशेतला सायकलवर जाणारा माणूस इथेच फसतो.

धरण बांधलं की नदीच्या खोऱ्यात पाणी भरतं. जुना रस्ता नदीच्या जवळून, म्हणजे सगळ्यात सपाट जागेतून गेलेला असतो. तो पाण्याखाली जातो आणि नवा रस्ता पाण्याच्या कमाल पातळीच्या वरून, डोंगराच्या पायथ्याला धरून काढावा लागतो. आता सह्याद्रीचा डोंगर म्हणजे काही सरळ भिंत नाही. मुख्य रांगेतून छोट्या छोट्या सोंडा पाण्याकडे उतरलेल्या असतात आणि दोन सोंडांच्या मध्ये एखादा ओढा असतो. रस्ता सोंडेवर चढतो, पलीकडे ओढ्यापर्यंत उतरतो, मोरी ओलांडून पुढच्या सोंडेवर पुन्हा चढतो. हेच पुढे चालू राहतं.

समजा अशा दहा सोंडा आहेत आणि प्रत्येक ठिकाणी फक्त २५ मीटर चढायचं आहे. सुरुवात आणि शेवट एकाच उंचीवर असला तरी पायांनी २५० मीटर चढ मारलेला असतो. परत येताना तेवढाच पुन्हा. सायकलच्या भाषेत याला 'रोलिंग' रस्ता म्हणतात, आणि ॲपवर 'एलिव्हेशन गेन' म्हणून जो आकडा दिसतो तो ही सगळी बेरीज असते. म्हणून रूट निवडताना किलोमीटरइतकाच हा आकडाही बघायचा.

हा चढ-उतार आवडतो कारण तो माफक असतो. शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर गेलात तर तो पाच टक्क्यांचा चढ. नवख्या माणसाला तो जाणवतो, पण झेपतो. उतारावर मिळालेला वेग पुढचा अर्धा चढ फुकटात काढून देतो आणि पायांना मधेमधे विश्रांती मिळते. सिंहगडाच्या घाटात असं काही मिळत नाही, तिथे चढ लागला की लागला.

जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर

पुण्याजवळच्या या सगळ्या खोऱ्यांचा आणखी एक गुण आहे. मुठा, मुळा, पवना या नद्या सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावून पूर्वेकडे वाहतात. म्हणजे शहरातून धरणाकडे जाणं म्हणजे पश्चिमेला, नदीच्या उलट दिशेनं, हळूहळू वर जाणं. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि उन्हाळ्यातल्या बऱ्याच दुपारीही तो त्याच बाजूनं वाहतो.

याचा अर्थ, जाताना चढही आणि वाराही. येताना मात्र दोन्ही सोबतीला. थकल्यावर मदत मिळणारा रूट, यापेक्षा नवशिक्याला अजून काय हवं? फक्त एक काळजी घ्यायची. जाताना अर्ध्याहून जास्त दम संपला असेल तरी घाबरायचं नाही, परतीला तेवढा लागत नाही. उलट, पूर्वेला सासवड-जेजुरीकडे गेलेल्यांना परतताना वारा तोंडावर मिळू शकतो आणि शेवटचे वीस किलोमीटर संपता संपत नाहीत.

खडकवासला आणि पानशेत

बहुतेक पुणेकर सायकलस्वारांची पहिली 'लाँग राइड' ही असते. सिंहगड रस्त्यानं खडकवासला धरण, पुढे पाण्याच्या दक्षिण काठानं गोऱ्हे, डोणजे फाटा, खानापूर आणि मग पानशेत. डोणजे फाट्यावरून डावीकडचा रस्ता सिंहगडाकडे जातो, सरळ गेलं की पानशेत. शहरातून पानशेत साधारण ४० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ८० च्या आसपास.

ज्यांना एवढं नको त्यांनी डोणजे फाट्यापर्यंत जाऊन परतावं. त्यात लाज कसली? पहिल्या महिन्यात तेवढंच पुरे.

खडकवासला धरणाचं काम १८६९ ते १८७९ या काळात झालं. कर्नल फाइफ या इंजिनिअरच्या नावावरून या जलाशयाला 'लेक फाइफ' म्हणत. पुढे १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपले स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा इथेच बसवले. आज पुण्याला पाणी देणाऱ्या साखळीत चार धरणं आहेत. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी, पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२ आणि टेमघरची ३.७१. एकूण २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २८.३ अब्ज लिटर. गंमत म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध खडकवासला यात सगळ्यात छोटं आहे. वरच्या तिन्ही धरणांचं पाणी आंबी, मोसे आणि मुठा या नद्यांतून याच्यात येतं आणि इथून पुढे शहराला जातं. पानशेतला जाणारा सायकलस्वार खरं तर पुण्याच्या नळाच्या उगमाकडे जात असतो.

पानशेतचं नाव निघालं की जुन्या पुणेकरांना मात्र सायकल आठवत नाही, पूर आठवतो. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचं पानशेत धरण फुटलं. धरणाचं काम अजून पूर्ण व्हायचं होतं आणि पावसाळ्यात त्यात पाणी भरत गेलं होतं. पानशेतचा लोंढा खडकवासल्यात आला, तेही फुटलं आणि पाणी पुण्यात शिरलं. नदीकाठच्या पेठा, पूल, घरं पाण्याखाली गेली. नंतर दोन्ही धरणं पुन्हा उभी केली गेली. ज्या खोऱ्यातून आज आपण आरामात भजी खायला जातो, त्याच खोऱ्यातून तो लोंढा खाली आला होता.

पानशेत आणि वरसगाव ही दोन धरणं एकमेकांच्या अगदी शेजारी आहेत, त्यामुळे एका राइडमध्ये दोन्ही बघता येतात. वरसगावच्याच पाण्याकाठी वर लवासा आहे. मात्र लवासाला सायकलवर जायचं तर नेहमीचा रस्ता दुसरीकडून, पिरंगुटहून उरवडे, मुठा, टेमघरमार्गे आहे आणि शेवटचा घाट चांगलाच तिखट आहे. 'लेकसाइड' आहे म्हणून सोपा समजून तिकडे वळू नका.

खडकवासल्याचा उत्तर काठ तुलनेनं शांत आहे. कोंढवे धावड्याहून कुडजे, मांडवी, सांगरूण, बहुली या गावांकडे रस्ता जातो. इकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर लागतो. हद्दीच्या आत शिरायची परवानगी नाही आणि फाटकापाशी फोटोसेशनही करायचं नाही.

आता या रूटची वाईट बाजू. रविवारी सकाळी नऊनंतर सिंहगड रस्ता आणि खडकवासला चौपाटी म्हणजे शुद्ध गर्दी. कणीस आणि कांदा भजीसाठी गाड्या रस्त्याच्या कडेला वाटेल तशा लावलेल्या असतात, दारं अचानक उघडतात, दुचाकीवाले उलट्या दिशेनं येतात. सायकलस्वारानं पहाटे साडेपाचला निघावं आणि गर्दी वर येत असताना आपण खाली परतावं. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तर हा रूट सोडून दिलेलाच बरा.

मुळशी

चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड आणि पुढे मुळशी. पुढे हाच रस्ता ताम्हिणी घाट उतरून माणगावला, कोकणात जातो. मुळशी धरणापर्यंत अंतर पानशेतएवढंच, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पिरंगुटचा छोटा घाट सोडला तर पौडपर्यंत फार काही चढ नाही. पाण्याच्या काठाला लागल्यावर मात्र तेच सोंडा-ओढ्यांचं गणित सुरू होतं.

पिरंगुटचा पट्टा कारखान्यांचा आहे. कंटेनर, डंपर, कंपन्यांच्या बस सगळं इथे असतं. घाट उतरताना ट्रकच्या मागे चिकटून वेग घेणं हा मूर्खपणा आहे, त्याला स्पष्ट मूर्खपणाच म्हणायला हवं. ट्रक अचानक खड्डा चुकवतो आणि मागच्याला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मुळशीचा तलाव बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, कारण तो पुण्याच्या पाण्यासाठी बांधलेला नाही. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळा नदी अडवून तो तयार झाला. नदी पूर्वेला वाहते, पण अडवलेलं पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून पश्चिमेला, घाटाखाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं. इतक्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यावर वीज तयार होते.

या पाण्याखाली मावळ्यांची गावं आणि भातखाचरं गेली. त्याविरोधात १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचं नेतृत्व केलं आणि 'सेनापती' ही त्यांची ओळख या लढ्यातूनच घट्ट झाली. सत्याग्रह तीनेक वर्षं चालला, तुरुंगवास झाले, पण धरण थांबलं नाही. १९२७ मध्ये ते पूर्ण झालं. धरणामुळे उठवलेल्या लोकांच्या देशातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांपैकी हा एक मानला जातो. काठावरच्या वाड्या-वस्त्यांमध्ये 'आमचं जुनं गाव खाली आहे' हे वाक्य सहज ऐकायला मिळतं. त्यामुळे चहाच्या टपरीवर 'काय मस्त लेक आहे ना' म्हणताना समोर कोण बसलंय एवढं भान ठेवलेलं बरं.

पुढे ताम्हिणीकडे जायचं तर पावसाचा विचार हवा. पुण्यात वर्षभरात पाऊस पडतो सातशे मिलिमीटरच्या आसपास. पन्नास-साठ किलोमीटरवर ताम्हिणीत तो अनेक हजार मिलिमीटर असतो. घरून निघताना रिमझिम होती म्हणून पुढेही रिमझिमच असेल असं नाही. धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही आणि दरडी येतात. जोरदार पावसाच्या इशाऱ्यात प्रशासन हा घाट बंदही ठेवतं. सायकलनं मुळशीच्या काठापर्यंत जाऊन परतणं हा पावसाळ्यातला शहाणा पर्याय.

पवना, आणि सगळ्यात भारी लूप

कुणी विचारलं की एकच रूट सांगा, तर तो हा. चांदणी चौक, पौड, मग उजवीकडे वळून कोळवण, हाडशी, तिकोना पेठ, पवनानगर, कामशेत आणि जुन्या मुंबई-पुणे हायवेनं परत. एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या पुढे जातं, त्यामुळे पहिल्याच महिन्यात याचा नाद नको. पण कोळवणचं खोरं म्हणजे 'जेंटली रोलिंग' या शब्दाचं मराठी भाषांतर आहे. दोन्ही बाजूंना भातखाचरं, मधेच एखादं छोटं तळं, रस्त्यावर वाहनं कमी. हाडशीनंतर खिंड चढली की पलीकडे पवनेचं पाणी आणि त्याच्या भोवती तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर असे चार किल्ले. पुण्याजवळ सायकलच्या सीटवरून याहून चांगलं दृश्य मिळणं अवघड आहे.

ज्यांना फक्त तलाव करायचा आहे ते लोकलनं कामशेतपर्यंत येतात आणि तिथून सुरुवात करतात. वाटेत करुंज-बेडसे इथे लेणी आहेत. तलावाच्या दोन्ही काठांनी गावं जोडणारे रस्ते आहेत, मात्र त्यांची अवस्था दर पावसाळ्यानंतर बदलते.

इथे एक नियम पक्का लक्षात ठेवायचा. परतीला मॅपनं 'एक्स्प्रेस वे' दाखवला तरी तिकडे जायचं नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर सायकल आणि दुचाकीला बंदी आहे. जुना हायवेच पकडायचा. त्यावर अवजड वाहतूक असते, पण कडेला जागा बऱ्यापैकी मिळते.

पवनेच्या पाण्याचीही एक गोष्ट आहे. हे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरोधात मावळातल्या शेतकऱ्यांनी आंदोलन केलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी एक्स्प्रेस वेवर बऊर इथे पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. रीलमधलं शांत निळं पाणी कुणाचं, हा वाद इथे जिवावर बेतलेला आहे.

जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तिचा एक टप्पा याच मुळशी-मावळ भागातला होता. शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत करण्यात आले. हा गुळगुळीतपणा किती पावसाळे टिकतो ते रस्त्यावर उतरून बघायचं.

तलावाला वळसा कोणत्या बाजूनं घालायचा?

हे फार कमी जण सांगतात. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूनं चालतात. तलाव कायम डाव्या हाताला राहील अशा दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट, फिरलं तर फायदा होतो. पाण्याच्या बाजूला फाटे कमी असतात, त्यामुळे डावीकडून अचानक गाडी घुसायची शक्यता कमी. फोटोला थांबायचं तर रस्ता ओलांडावा लागत नाही. जपानमध्येही वाहतूक डावीकडूनच असते आणि तिथल्या बिवा सरोवराला सुमारे २०० किलोमीटरचा जो प्रसिद्ध फेरा आहे, तो याच कारणानं काट्याच्या उलट दिशेनं घालायला सांगतात. तिथे रस्त्यावर सायकलसाठी निळे बाण रंगवलेले आहेत. आपल्याकडे बाण नाहीत, पण दिशा तरी आपल्या हातात आहे.

सोबत काय असायला हवं?

रोड बाइकचे २३ किंवा २५ मिलिमीटरचे टायर शर्यतीत ठीक, मावळातल्या रस्त्यावर २८ किंवा ३२ बसत असतील तर ते घाला. गतिरोधकांच्या आधीचे रंबलर आणि खडी यांवर हात कमी बधिर होतात.

पंक्चरचा सामान म्हणजे दोन ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप. आणि एक दहा-वीस रुपयांची गोष्ट लोक विसरतात. महागड्या सायकलींच्या ट्यूबला बारीक 'प्रेस्टा' व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं असतं, ते प्रेस्टाला बसत नाही. छोटा पितळी ॲडॉप्टर खिशात असला की काम होतं. नसला तर शेजारी हवेचं मशीन असून पन्नास हजारांची सायकल टेम्पोत टाकून आणावी लागते.

मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, उन्हाळ्यात जास्त. नाश्त्याला मिसळ कुणी नाकारणार नाही, पण ती परतीच्या वाटेवर खा. चढाच्या आधी तर्री पोटात गेली की पुढचे पंधरा किलोमीटर तीच आठवत राहते. त्यापेक्षा जाताना पोहे, केळं, चिक्की बरी. जुलैमध्ये भातलावणी चालू असताना ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर येतो, वळणावर तो साबणासारखा असतो. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही.

आणि पाण्यात उतरू नका. धरणाचा काठ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत नाही, कारण तो मुळात डोंगराचा उतार आहे. दोन पावलांवर गुडघाभर पाणी, तिसऱ्या पावलाला डोक्यावर, तळाशी गाळ. दर वर्षी या तलावांमध्ये पोहता येणारी माणसंही बुडतात. घामाघूम होऊन आल्यावर पाण्याचा मोह होतो, तेव्हा बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घ्या.

सीझन कोणता?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर, जेव्हा धरणं भरलेली असतात आणि डोंगर अजून हिरवे असतात. मार्चनंतर पाणी खाली जातं, काठावर तांबडी माती उघडी पडते. मे महिन्यात काही ठिकाणी पाण्याखाली गेलेल्या वाड्यांची जोती आणि देवळांचे दगड वर दिसू लागतात. तेव्हा ऊन कडक असतं, पण पहाटे निघून नऊपर्यंत परतणाऱ्यांना हा वेगळाच तलाव बघायला मिळतो.

या रूटवर सराव झाला की अनेकजण 'ब्रेवे'कडे वळतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, शर्यत नाही, फक्त वेळेत पोचायचं. पुढे ३००, ४०० आणि ६०० चे टप्पे असतात.

पुण्याबाहेर असाल तर नाशिकचा गंगापूर धरणाचा परिसर द्राक्षबागांमधून जातो आणि चढ माफक आहेत. नागपूरकरांनी एकदा भंडारा-गोंदियाचा विचार करावा. तिथले तलाव डोंगरातले नाहीत, कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. त्यामुळे रस्तेही जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंना धानाची शेती. गोंदियात नशीब चांगलं असेल तर सायकलवरून शेतात उभी सारसाची जोडी दिसते. मोटरसायकलच्या आवाजानं पक्षी उडून जायची भीती असते, सायकलचा आवाज त्यांना पुष्कळदा कळतही नाही.